डब्याला चार पावसाळे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मला आकाशवाणीवर बोलावतात ते सहसा कवितेवर बोलायला. या वेळी निमंत्रण आलं तेव्हा मी म्हटलं, कविता राहू द्या, मला आमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल बोलायचं आहे. मोठ्या हौसेनं घेतलेलं हे टेबल गेली चार वर्षं जेवणाच्या कामाचं उरलेलं नाही. आम्ही पुन्हा जमिनीवर दस्तरख्वान अंथरून जेवू लागलो आहोत. माझ्या छंदाचा घराला झालेला फायदा तेवढाच, असं आमच्या बेगमचं मत आहे.

टेबलावर एक रेल्वेगाडी उभी आहे. एक वाफेचं इंजिन, तीन प्रवासी डबे, तीन मालाचे डबे. सगळी मिळून मीटरभरही लांब नाही. ही आमची शकुंतला.

वऱ्हाडातल्या श्रोत्यांना शकुंतला कोण, हे सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरची एक छोटी लाइन आहे आणि तिच्या वाटेत आमचं कारंजा लागतं. मूर्तिजापूरहूनच दुसरा फाटा अचलपूरला जातो. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तिथून विलायतेतल्या गिरण्यांत पोचावा, म्हणून इंग्रजी अमलात किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकारानं ही अडीच फुटी लाइन पडली. स्वातंत्र्यानंतरही रूळ कंपनीचे आणि गाडी मध्य रेल्वेची, असा हा अजब संसार कित्येक दशकं चालला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या गाडीला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ रोजी ते थांबलं आणि डिझेल आलं. आता तीही गाडी धावत नाही. माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी शकुंतला म्हणजे टेबलावर उभी आहे तेवढीच.

ही गाडी बाजारात तयार मिळत नाही. विदेशी गाड्यांचे नमुने मिळतात, किमती ऐकून मात्र आपण दुकानाबाहेर येतो. माझ्या भाच्यानं यातून वाट काढली. नमुन्यांच्या दुनियेत एक माप फार चालतं, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. शकुंतलेच्या दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भागलं की जवळजवळ पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि याहून लहान मापाच्या ज्या मोठ्या लाइनच्या गाड्या मिळतात, त्यांचे रूळ असतात नऊ मिलिमीटरचे. म्हणजे त्या गाडीची चाकं आणि मोटर घ्यायची आणि वर आपल्या शकुंतलेचं अंग चढवायचं. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही. अंग मी पुठ्ठ्याचं आणि प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं केलं. मालाचा डबा होतो मधल्या बोटाएवढा.

पहिली गाडी तयार झाली तेव्हा मी फार खूश होतो. इंजिन काळं कुळकुळीत, डबे लाल, मालाचे डबे तपकिरी, वर वार्निश. दुकानात मांडावी अशी. आमच्या गल्लीत रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. मी त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं. काकाजींनी चष्मा वर केला, गाडी एका बाजूनं पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली आणि म्हणाले, "लय झकास केली राजा. पन हे गाडी चालली कुठी?"

मी म्हटलं, "चालते ना काकाजी, मोटर आहे."

"तसं नाई. इचारून राह्यलो, आजवर कुठी चालली? इच्यावर ना धूळ, ना काजळी, ना तेल. हे आपली शकुंतला नोहे. हे तिच्या लग्नाचा फोटो हाय."

त्या वाक्यानं माझी चार वर्षं घेतली.

नमुन्यावर ऊन, पाऊस, धूर, गंज दाखवण्याच्या कामाला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. मराठीत काय म्हणावं? मी शब्दांचा माणूस, त्यामुळे रंगाआधी शब्दातच अडकलो. मळवणं म्हणावं तर मळ हा त्यातला एक भाग झाला. जुनं करणं म्हणावं तर त्यात लबाडीचा वास येतो, जुन्या वस्तूंच्या बाजारात नकली मूर्ती विकतात तसा. शेवटी शब्द मिळाला तो भाच्याशी भांडताना. मी त्याला म्हणालो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी." भाचा हसला. म्हणाला, "मामू, डब्यालाही तेच पाहिजे." तेव्हापासून आमच्या घरात या कामाला पावसाळे दाखवणं म्हणतात. या डब्याला किती पावसाळे दाखवायचे? याला दोन, त्याला दहा.

पहिला प्रयत्न सांगण्यासारखा नाही, पण सांगतो. काळ्या रंगात भरपूर पाणी घातलं आणि डब्यावर सगळीकडे फासलं. वाळल्यावर डबा गटारातून काढल्यासारखा दिसू लागला. नातू म्हणाला, "नाना, ये जल गया क्या?" माझं चुकलं काय, तर मी घाण लावली होती, पण ती आली कुठून याचा विचार केला नव्हता. प्रत्येक डागाला कारण असतं. कारण ठाऊक नसलेला डाग लावला की बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे एवढं त्याला कळतंच. कवितेतल्या विशेषणाचंही असंच होतं, पण मी कवितेवर बोलणार नाही असा शब्द दिला आहे.

मग मी खऱ्या मालगाड्या पाहायला निघालो. शकुंतला नाही, तर नाही. २००८ साली अकोला ते पूर्णा ही लाइन मोठी झाली, त्यामुळे मोठे डबे तर पाहायला मिळतात. पेन्सिल आणि वही घेऊन मी एका स्टेशनावर बसायचो आणि लिहायचो, चाकाजवळ नारिंगी, वर चॉकलेटी, दाराच्या बिजागरीखाली लांब रेघ. तिसऱ्या दिवशी एक पोलीस येऊन उभा राहिला. नाव विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग वही मागितली. माझ्या वयाच्या आणि माझ्या नावाच्या माणसाला अशा वेळी काय वाटतं, ते सांगत बसत नाही. त्यानं एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि म्हणाला, "हे काय, पेंटर आहात का?" मी म्हटलं, तसंच समजा. सगळं सांगितल्यावर तो माणूस डब्याजवळ गेला आणि मला बोलावून चाकामागं बोट दाखवलं. "हे नारिंगी लिहिलंय ना तुम्ही? हे ब्रेकमुळे."

त्यानं सांगितलं ते अगदी खरं होतं. जुन्या पद्धतीचे ब्रेक म्हणजे ओतीव लोखंडाचे ठोकळे, चाकावर दाबून बसणारे. प्रत्येक वेळी ब्रेक लागला की ठोकळ्याचं लोखंड पिठासारखं उडतं, चाकाभोवतीच्या सांगाड्यावर बसतं आणि हवेतल्या ओलीनं गंजतं. म्हणून डब्याचा खालचा भाग, रूळ, रुळांमधली खडी, सगळ्यांवर तो एकच नारिंगी-तपकिरी रंग चढतो. तो डब्याचा स्वतःचा गंज नव्हेच, तो ब्रेकचा. डब्याचा गंज वेगळा. जिथे रंग उडाला तिथे तो सुरू होतो, ताजा असतो तेव्हा नारिंगी आणि मुरला की काळपट चॉकलेटी. मी आधी सगळीकडे एकच नारिंगी रंग मारत होतो. डबा जणू कालच्या पावसात पहिल्यांदा भिजलाय.

मालडब्याचा तपकिरी-लाल रंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खिडकीच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साइड. त्यात लोखंडाचं ऑक्साइडच असतं. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरूही त्याच कुळातला. म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून त्याला गंजाच्याच भाऊबंदांचा रंग द्यायचा. नवा असतो तेव्हा तो लाल दिसतो. उन्हात वर्षं काढली की त्याच्यावर खडूसारखी भुकटी येते आणि तो फिका, गुलाबीकडे झुकलेला होतो. वऱ्हाडातलं ऊन लक्षात घ्या. छताचा वरचा भाग जास्त फिका, छताच्या कडेखाली, जिथे सावली असते तिथे मूळ रंग टिकलेला. हा फरक दाखवला नाही, तर पुढचं सगळं फुकट जातं.

इथे आणखी एक गोष्ट शिकलो. सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचा डबा आपण फूटभर अंतरावरून पाहतो. म्हणजे खरा डबा सत्त्याऐंशी फुटांवरून पाहिल्यासारखं ते होतं. एवढ्या अंतरावरून काळा रंग पूर्ण काळा दिसत नाही, मध्ये हवा आणि धूळ असते. म्हणून डबीतला काळा कधी सरळ लावायचा नाही, त्यात थोडा राखाडी मिसळायचा. आणि सत्त्याऐंशी फुटांवरून एखादा ओरखडा दिसेल का, हे आधी स्वतःला विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं आणि काम वाचतं.

हत्यारं घरचीच. शून्य नंबरचा ब्रश, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा, जुना टूथब्रश, मुलांचे पेस्टल खडू. काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी करून डब्यावर सोडलं की ते रिबिटांच्या कडेला आणि फळ्यांच्या फटीत जाऊन बसतं. वरचं लगेच ओल्या ब्रशनं वरून खाली पुसून घ्यायचं. आडवं पुसायचं नाही, कारण पाऊस आडवा वाहत नाही. मग ब्रशला फिका रंग लावून तो जुन्या कपड्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. कडा उठून दिसतात. स्पंजनं ठिपके दिले की उडालेल्या रंगाचे पोपडे होतात. खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी करायची आणि ती मऊ ब्रशनं चोळायची, हीच धूळ. शेवटी चमक नसलेलं वार्निश. यात एक फसगत आहे. वार्निश मारलं की निम्मी धूळ गायब होते, म्हणून आधी दुप्पट लावून ठेवायची. आणि हो, भुकटी आणि स्प्रे वापरताना तोंडाला रुमाल बांधा. मी बांधला नाही आणि आठवडाभर खोकलो.

धुळीवरून मात्र आमच्या घरात मोठं रामायण झालं. विदेशातून येणाऱ्या डब्यांवर 'धूळ' असं लिहिलेले रंग मिळतात. भाच्यानं एक आणला. तो पिवळसर निघाला, कुठल्यातरी दुसऱ्या मुलुखातली माती. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिची धूळ उडते तेव्हा ती राखाडी-तपकिरी असते, पावसाळ्यात तीच चिखल होऊन चाकावर काळी चिकटते. मग मीच कारंज्याच्या रुळांच्या बाजूची दोन मुठी माती घेऊन आलो. उन्हात वाळवली, कुटली आणि बेगमच्या जुन्या मलमलच्या ओढणीतून चाळली. (ओढणी जुनी होती हे माझं मत.) गव्हाच्या पिठाहून बारीक झाली तरच चालते, नाहीतर सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात मातीचा कण म्हणजे धोंडा दिसतो. मातीतून लोहचुंबक फिरवून घ्यावं लागतं, कारण मातीत लोखंडाचे कण असतात आणि मोटरच्या चुंबकाला चिकटून ते मोटर जाम करतात. आमची एक मोटर अशीच गेली. आणि गोंद लागला की माती गडद होते, तेव्हा ती आधी थोड्या फिक्या खडूत मिसळून ठेवलेली बरी.

इंजिनाचं शास्त्र वेगळं. वाफेचं इंजिन सगळीकडे सारखं काळं कधीच नसतं. धुराड्याजवळचं अंग तापून तापून राखाडी पडतं, तिथे रंग टिकतच नाही. छतावर काजळी मऊ, मखमलीसारखी. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर तेलाची ओली चमक, त्यावर धूळ बसून झालेला चिकटा. कोळशाच्या खणाच्या कडा घासून उघड्या पडलेल्या. आणि शिटीखाली, पाणी आत घेणाऱ्या नळ्यांखाली पांढरे ओघळ. हे ओघळ मला कळेनात. बेगमनं चहाचं पातेलं आणून समोर ठेवलं. आमच्याकडचं पाणी जड, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतोच. इंजिन म्हणजे शेवटी मोठं पातेलंच की. पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून मी ते ओघळ काढले आणि श्रोतेहो, त्या दिवशी ते इंजिन पहिल्यांदा गरम वाटलं.

मध्यंतरी भाच्यानं मला पुण्याला नेलं. कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. आमचा वाशिम जिल्हाही त्याच वर्षी जन्मला. तिथे एक अख्खं शहर आहे, सिग्नल पडतात, गाड्या आपोआप थांबतात, निघतात. पोरासोरांबरोबर मीही कठड्याला नाक लावून उभा होतो. अमेरिकेतल्या माँटेरे गावच्या जॉन ॲलन या छायाचित्रकाराबद्दल मी नंतर वाचलं. त्यानं घराच्या तळघरात डोंगर, पूल, गावं उभारून सगळी गाडी मळलेली, झिजलेली, वापरातली दाखवली आणि जगभरच्या हौशी लोकांना त्याची चटक लावली. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि थोड्याच दिवसांत आग लागून ते बहुतेक सगळं जळालं. आता त्यानं काढलेले फोटो आहेत.

फोटोवरून आठवलं. शकुंतलेच्या डब्यांचा रंग कोणता, यावरून आमच्या घरात जे भांडण झालं, त्याची सर ओढणीच्या भांडणाला नाही. मी म्हणालो, लाल. त्यात शंका कसली? मी त्या गाडीनं कॉलेजला गेलोय. भाचा म्हणाला, निळे. "मामू, मैंने खुद देखे." आपा, म्हणजे माझी थोरली बहीण, तिचं म्हणणं, रंग कुठला होता ते सोडा, गाडीच्या खिडकीतून बोरं विकत घ्यायचो ते आठवा. भाच्यानं आपल्या लहानपणाचा फोटो काढला. डबा निळा. मी माझ्या लग्नाच्या वरातीतला फोटो काढला, त्यात मागे डबा दिसतो, पण फोटो काळा-पांढरा. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. माणसाला आपली आठवण खोटी ठरली तर किती लागतं, हे मला या वयात कळलं.

शेवटी काकाजींकडे गेलो. ते म्हणाले, "दोघंबी खरे. पयले लाल, मंग निळे. निळ्याच्या खाली लालच हाय, नखानं खरवडून पाय." आणि तसंच असतं. भारतीय रेल्वेचे लाल डबे नव्वदच्या दशकापासून निळे होत गेले. नवा रंग जुन्यावरच चढतो. दाराजवळ, पायऱ्यांपाशी तो उडाला की खालचं वय दिसतं.

हे दाखवायची एक सोपी युक्ती आहे. भाच्याचा डबा आम्ही तसा केला. आधी सगळा डबा लाल रंगवला, वार्निश मारलं. मग जिथे रंग उडालेला दाखवायचा तिथे पाण्याचं बोट लावून जाडं मीठ भुरभुरलं. वाळल्यावर वरून निळ्याचा स्प्रे मारला, मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो. निळा वाळला की टूथब्रशनं मीठ खरवडून काढायचं. मिठाच्या खड्याच्या आकाराचे, वेडेवाकडे लाल पोपडे उघडे पडतात. हातानं काढून इतके खरे जमत नाहीत. भाचा आपल्या डब्याकडे आणि मी त्यातून डोकावणाऱ्या माझ्या डब्याकडे बराच वेळ बघत बसलो.

अडचण अशी, की हा निळा डबा वाफेच्या इंजिनाला जोडता येत नाही. माझ्या हिशेबानं निळे डबे कारंज्याला आले तोवर वाफेचं इंजिन गेलं होतं. या छंदात ही शिस्त फार पाळतात. आधी साल ठरवायचं, मग त्या सालात जे होतं तेवढंच गाडीला लावायचं. मी साल ठरवलंय १९७६. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. म्हणून भाच्याचा डबा बाजूच्या रुळावर एकटा उभा असतो. नातू रोज शाळेतून आला की तो डबा वाफेच्या इंजिनाला जोडतो आणि मी रात्री सगळे झोपल्यावर सोडवून ठेवतो. दोघंही याबद्दल काही बोलत नाही.

१९७६ का, ते सांगतो. अब्बा तेव्हा कारंज्याला मालधक्क्यावर हमाल होते. जिनातून दाबलेल्या रुईच्या गाठी बैलगाडीनं यायच्या आणि शकुंतलेच्या डब्यात चढायच्या. आज गाठीचं ठरलेलं वजन १७० किलो आहे. अब्बांच्या काळातली गाठही तशीच, एकट्यादुकट्याला न हलणारी. चार माणसं, हातात लोखंडी आकडा, आणि 'हां भाई, हां' अशी हाळी. मी डबा घेऊन जायचो. जेवणाचा, रेल्वेचा नव्हे. अब्बांचा कामावरचा एकही फोटो नाही. हमालाचा फोटो कोण काढणार?

मालाचे डबे जवळजवळ पुरे झाले होते. ऊन दिलं, पाऊस दिला, ब्रेकची धूळ दिली, काळी माती दिली. दहा पावसाळे झाले असतील. काकाजींना पुन्हा बोलावलं. या वेळी त्यांनी डबा हातात घेतला. बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "समदं बरोबर हाय. पन माल कुठून भरला?"

मला कळलं नाही.

"दाराचा उंबरठा पाय. तिथी बी तू गंजच लावला. गाठीला लोखंडाची पट्टी राह्यते. रोज घासून घासून उंबरठा चांदीवानी व्हायचा. तुझ्या बापानं ढकलल्या ना गाठी, त्याच घासत जायच्या."

मी इतके दिवस फक्त जे बिघडतं ते रंगवत होतो. रोज वापरात असलेली जागा गंजत नाही, ती उजळते. दाराची कडी, चढायचा दांडा, गार्डाच्या हाताचा लोखंडी गज, इंजिनाच्या पायऱ्यांच्या मधला भाग. स्टेशनावर महिनाभर बसून मी वहीत गंजाच्या सतरा छटा लिहिल्या होत्या. ही चमक एकदाही लिहिली नव्हती.

ती दाखवायला चंदेरी रंग चालत नाही, तो खेळण्यासारखा दिसतो. साधी पेन्सिल लागते, सहा बी नंबरची, मऊ. तिच्या टोकानं उंबरठ्याची कड घासायची, मग बोटानं किंचित चोळायचं. झिजलेल्या पोलादाचा रंग येतो. माझ्याकडे पेन्सिलींची कमी नाही. तीन डबे, दोन्ही बाजूंची दारं, म्हणजे सहा उंबरठे. एका रात्रीत झाले. सगळीकडे सारखी चमक द्यायची नव्हती. माणसं ज्या बाजूनं ढकलतात त्या बाजूला जास्त, आणि कारंज्याला धक्का ज्या अंगाला होता त्या अंगाच्या दारांना जास्त. तो धक्का कुठल्या अंगाला होता, ते मला डोळे मिटून सांगता येतं. उन्हात जेवणाचा डबा घेऊन मी तिथेच उभा राहायचो.

मागच्या जुम्म्याला काकाजी पुन्हा आले. आता त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. ते बोटानं पाहतात. त्यांनी बोट उंबरठ्यावरून फिरवलं आणि माझी पेन्सिल थोडी त्यांच्या बोटाला लागली. ते काही बोलले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर उठता उठता म्हणाले, "रुई चिकटली राह्यते बिजागरीत. मालाचा डबा कितीबी झाडला तरी तितली रुई निंगत नाई."

हे खरं आहे. अब्बांच्या बनियनलाही ती असायची, घरी आल्यावर अम्मी वेचायची.

आमच्या मोहल्ल्यात गाद्या पिंजणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून चिमूटभर रुई आणली आहे. सत्त्याऐंशीव्या हिश्श्यात तिचा धागा म्हणजे दोरखंड दिसतो, म्हणून ब्लेडनं कापून कापून ती पिठासारखी करावी लागते आणि कापताना शिंक येऊन चालत नाही. बिजागरी एकूण बारा. आजपर्यंत पाच झाल्या आहेत.